खत तर लागणारच ना?

जून जवळ आला की हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांत एक काम कुणी न सांगता सुरू होतं. खालच्या फळ्यांवरचे गठ्ठे वरच्या कप्प्यांत जातात, गोण्यांखाली विटा येतात, हिशेबाच्या वह्या गल्ल्यातून निघून माळ्यावर चढतात. हा भाग बशीसारखा खोलगट. समुद्राला भरती आणि वर मुसळधार पाऊस अशी गाठ पडली की डॉ. आंबेडकर रस्त्यावर गुडघाभर पाणी ठरलेलं. 2021 पासून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधायला घेतल्या, त्यामुळे पाण्याचा निचरा पूर्वीपेक्षा बरा होतो. पण गठ्ठे उचलायची सवय गेलेली नाही.

याच सुमारास हवामान खात्याचा सुधारित अंदाज येतो आणि तिकडे दलाल स्ट्रीटवर खत कंपन्यांचे शेअर हलायला लागतात. पाऊस चांगला म्हणजे पेरा चांगला, पेरा चांगला म्हणजे खताला उठाव. ज्या पावसाने हिंदमाताच्या दुकानदाराच्या पोटात गोळा येतो, त्याच पावसावर बाजार पैसे लावतो.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी मला गाठलं ते अशाच एका संध्याकाळी. त्यांची पंधरा वर्षं गिरणीत गेली, पुढची तीस साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिण्यात. आता नातवाने मोबाइलवर शेअरचं खातं उघडून दिलंय. कुणीतरी त्यांना परदेशातल्या एका छोट्या फॉस्फेट खाण कंपनीचं नाव पाठवलं होतं. शेअर दहा-बारा रुपयांना पडतो, खाण मोठी आहे, जगाला खत कमी पडणार आहे, वगैरे. काका म्हणाले, "मला एकच सांग. खत तर लागणारच ना? मग हा शेअर पडेल कसा?"

प्रश्न साधा वाटतो, पण या धंद्यातली सगळी गुंतागुंत त्यात आहे. त्यांना दिलेलं उत्तर तुटक होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

काकांच्या पहिल्या वाक्यात काहीच खोटं नाही. पिकाला स्फुरद लागतं, म्हणजे फॉस्फरस, आणि त्याला पर्याय नाही. नत्र हवेतून काढता येतं. युरियाचे कारखाने तेच करतात. स्फुरद मात्र जमिनीतून खणूनच काढावं लागतं आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. काकांचे धाकटे भाऊ साताऱ्याकडे ऊस आणि सोयाबीन करतात. ते दुकानात जाऊन 'फॉस्फेट द्या' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'अठरा-सेहेचाळीस आलंय का?' किंवा 'दहा-सव्वीस-सव्वीस द्या.' अठरा-सेहेचाळीस म्हणजे डीएपी, 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. ते मिळालं नाही तर सुपर फॉस्फेट, ज्यात स्फुरद 16 टक्केच, पण सोबत 11 टक्के गंधक. सोयाबीन-भुईमुगासारख्या तेलबियांना गंधक हवंच असतं, म्हणून जाणता शेतकरी सुपरला कमी लेखत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. टाकलेलं स्फुरद मातीतल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि त्यातलं बरंचसं मुळांना लगेच मिळत नाही. म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा गोणी आणावी लागते. मागणी आटणार नाही, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

आता ही मागणी भागवणारा दगड कुठून येतो? जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. उत्पादनात चीन पुढे. भारतात सांगण्यासारखी मोठी खाण उदयपूरजवळच्या झामरकोटड्याची. तिथला साठा 1966 मध्ये सापडला, आणि खाण राजस्थान सरकारच्या कंपनीची. मध्य प्रदेशातही थोडा दगड निघतो. पण गरजेच्या मानाने हे अपुरं, म्हणून आपण दगड आणतो, दगडापासून केलेलं फॉस्फोरिक आम्ल आणतो आणि तयार डीएपीही आणतो. यातून गुंतवणूकदाराने पहिली गोष्ट लक्षात घ्यायची: मुंबई शेअर बाजारात फॉस्फेटचे शेअर म्हणून जे मिळतात, ते जवळजवळ सगळे कारखान्यांचे आहेत, खाणींचे नव्हेत.

हे कारखाने आपल्या शेजारी आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक अंबरनाथचा. 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने तिथे गंधकाम्ल आणि सुपर फॉस्फेट करायला घेतलं. शंभर वर्षांनंतर ही कंपनी बाजारात आहे, पण डीएमसीसी स्पेशालिटी केमिकल्स या नावाने. खताचा धंदा सोडून ती गंधकावर आधारित विशेष रसायनांकडे वळली. चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, 1978 मध्ये वेगळी झालेली सरकारी कंपनी. 'सुफला'ची गोणी न पाहिलेला शेतकरी महाराष्ट्रात विरळा. रामा फॉस्फेट्स ही छोटी कंपनी. कार्यालय मुंबईत, कारखाने उदयपूर, इंदूर आणि पुण्याजवळ लोणी काळभोरला. गोव्यात झुआरीनगरचा कारखाना, ज्याची गोष्ट पुढे येणार आहे.

सुपर फॉस्फेट कसं होतं, हे पाहिलं की नफा कुठे निसटतो ते कळतं. दगड पिठासारखा बारीक दळतात. त्यावर गंधकाम्ल सोडतात. मिश्रण उकळल्यासारखं फुगतं, त्यातून फ्लोरिनचे झोंबणारे वायू निघतात आणि ते पाण्याने धुऊन अडवावे लागतात. काही वेळात मिश्रण घट्ट होतं, ओल्या चुन्याच्या ढेपेसारखं. मग ते खरवडून मोठ्या शेडमध्ये ढीग करून ठेवतात आणि दोन-तीन आठवडे मुरू देतात. तोवर आत रसायनक्रिया चालूच असते. एक टन सुपर फॉस्फेटला अर्ध्या टनाहून थोडा जास्त दगड जातो. बाकीचं काम आम्लाचं, आणि आम्ल गंधकातून होतं. हे गंधक तेलशुद्धीकरणात निघतं. आपल्या माहुलच्या रिफायनऱ्यांतही कच्च्या तेलातलं गंधक वेगळं होऊन पिवळ्या मालाच्या रूपात विकलं जातं. म्हणजे कारखानदाराच्या एका हाताला मोरोक्को, इजिप्त किंवा राजस्थानचा दगड, दुसऱ्या हाताला तेलधंद्याच्या चढउतारावर हलणारं गंधक, आणि दोन्हींच्या आयातीची किंमत डॉलरमध्ये. यातला एकही भाव त्याच्या हातात नाही.

विकायचा भाव तरी त्याच्या हातात आहे का? कागदावर आहे. 1 एप्रिल 2010 पासून केंद्राचं पोषणद्रव्य आधारित अनुदान धोरण लागू झालं. खतातल्या प्रत्येक किलो नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकावर सरकार ठरावीक रक्कम देतं आणि विक्रीची किंमत कंपनीने ठरवायची, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात डीएपीची किंमत वाढवण्याचं धाडस कुणी करू शकत नाही. 2021 च्या मे महिन्यातला प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. परदेशी भाव इतके चढले होते की डीएपीची 50 किलोची गोणी खरं तर 2,400 रुपयांना पडत होती. शेतकऱ्याला ती 1,200 रुपयांतच मिळाली, कारण केंद्राने गोणीमागचं अनुदान 500 रुपयांवरून 1,200 रुपयांवर नेलं. ज्या दिवशी निर्णय झाला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कंपन्यांना ठाऊक नव्हतं की चढ्या दराने आणलेल्या मालात नफा आहे की तोटा. 2024 च्या जानेवारीत तर नियमच आले की या खतांवर कंपनीने ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त नफा धरायचा नाही.

मला हे धोरण चुकीचं वाटत नाही. साताऱ्याच्या त्या भावाला 2,400 ची गोणी परवडली नसती. पण शेअर घेणाऱ्याने ओळखायला हवं की त्याच्या कंपनीची निम्मी किंमत दिल्लीत ठरते, आणि तो पैसा उशिरा येतो. 2018 पासून अनुदान मिळतं ते माल कारखान्याबाहेर पडल्यावर नव्हे, तर शेतकऱ्याने दुकानात आधार दाखवून यंत्रावर खरेदी नोंदवल्यावर. पाऊस लांबला की गोणी गोदामात पडून, आणि गोणी पडून म्हणजे अनुदानही अडकलेलं. समजा, एका छोट्या कारखान्याची वर्षाची उलाढाल 500 कोटी आणि त्यातले 200 कोटी अनुदानाचे. ते सरासरी चार महिन्यांनी हाती येत असतील, तर सुमारे 67 कोटी रुपये कायम बाहेर. बँक 10 टक्के घेत असेल, तर त्याचं व्याज वर्षाला पावणेसात कोटी. निव्वळ नफा 20 कोटींचा असेल तर त्याच्या एक तृतीयांशाइतकी रक्कम निव्वळ वाट पाहण्यात जाते. म्हणून खत कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की मी विक्रीचा आकडा नंतर पाहतो. आधी 'सरकारकडून येणे' ही ओळ शोधतो.

आता गोव्याच्या कारखान्याकडे येतो, कारण तिथून एक धागा थेट प्रशांत महासागरातल्या नौरू बेटापर्यंत जातो.

पुढे हा कारखाना जिच्याकडे गेला, ती ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स 1981 मध्ये स्थापन झाली तेव्हा भारत सरकारचा भागीदार होता नौरू देश. एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या आसपास. आपल्या दादर-परळच्या दोन-तीन वॉर्डांत बसेल एवढा देश भारतातल्या खत कारखान्यात पैसे घालत होता. तो पैसा आला होता दगडातून. 1899 मध्ये सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनी नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी होती. तिच्या कार्यालयात दार अडवायला एक दगड ठेवलेला असे. नौरूहून कुणी आणलेला, अश्मीभूत लाकूड समजून. आल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला तो वेगळा वाटला. त्याने तुकडा काढून तपासला, तर उत्तम प्रतीचं फॉस्फेट. पुढच्याच वर्षी शेजारच्या ओशन बेटावर, म्हणजे बानाबावर, कंपनीने तिथल्या लोकांकडून 999 वर्षांचा खाणहक्क मिळवला, वर्षाला 50 पौंडांच्या बदल्यात. 1902 मध्ये कंपनीची पॅसिफिक फॉस्फेट कंपनी झाली आणि बुडती कंपनी सोन्याची झाली.

छोट्या फॉस्फेट कंपनीचा शेअर घ्यायची स्वप्नं आजही पडतात ती या गोष्टीमुळे. पण तिचा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. 31 जानेवारी 1968 ला नौरू स्वतंत्र झाला आणि दोन वर्षांत खाणी त्याच्या ताब्यात आल्या. माणशी उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांत गेलं. मेलबर्नमध्ये उत्तुंग नौरू हाउस उभं राहिलं, स्वतःची विमानसेवा आली, लंडनमध्ये एका संगीतनाटकात पैसे घातले गेले. दगड संपत आला तेव्हा बेटाचा मधला भाग चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचं रान झाला होता आणि साठवलेल्या निधीतला बहुतेक पैसा गेला होता. नौरू हाउस 2004 मध्ये विकावं लागलं. पारादीपमधून तर नौरू 1993 मध्येच बाहेर पडला होता.

हिशेब लिहिणाऱ्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात पकडलं: "म्हणजे ते मुद्दल खात होते." अगदी तेच. साड्यांचं दुकान वर्षभर नफा वाटूनही पुढच्या वर्षी तसंच उभं असतं. खाणीचं तसं नसतं. दर टनाबरोबर ती तेवढी लहान होते, म्हणून तिच्या लाभांशात मुद्दलाचा वाटा असतोच. त्या लाभांशाला बँकेच्या व्याजाशी ताडून पाहणं ही साधी पण महागात पडणारी चूक आहे.

पारादीपचं पुढे काय झालं? 2002 मध्ये सरकारने 74 टक्के हिस्सा झुआरी आणि मोरोक्कोची सरकारी खाण कंपनी ओसीपी यांच्या संयुक्त कंपनीला विकला. 2022 च्या मे महिन्यात प्राथमिक विक्रीत शेअर 42 रुपयांना मिळाला, सरकारने उरलेला हिस्साही मोकळा केला, आणि लगेच जूनमध्ये गोव्याचा झुआरीनगरचा कारखाना पारादीपकडे आला. 2025 मध्ये हा शेअर दीडशे रुपयांच्या वर गेला होता. माझ्या मते यातली शिकण्याजोगी गोष्ट भागधारकांची यादी आहे. ज्याच्याकडे दगड आहे तो मोरोक्को इथे स्वतः भागीदार आहे. कच्च्या मालाची दोरी ज्याच्या हातात, तोच घरात असणं या धंद्यात फार मोलाचं.

आता काकांना आलेल्या निरोपासारखी, खरीखुरी छोटी खाण कंपनी. 2007 च्या सुरुवातीला मोरोक्कोच्या फॉस्फेट दगडाचा भाव टनाला 50 डॉलरच्याही खाली होता. 2008 च्या ऑगस्टमध्ये तो 400 डॉलरच्या वर गेला. अशा वेळी जगभर छोट्या कंपन्या उगवतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून चालणारी लेजंड इंटरनॅशनल त्यातली एक; तिचे साठे क्वीन्सलँडमध्ये, माउंट आयसाच्या बाजूला. 2008 मध्येच आपल्या इफ्कोने तिच्यात गुंतवणूक केली. इफ्को म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांची मिळून झालेली देशातली मोठी खत सहकारी संस्था. तिच्याकडे तज्ज्ञ होते, वकील होते, खताची खरी गरजही होती. पण वर्षभरात दगडाचा भाव पुन्हा शंभर डॉलरच्या आसपास कोसळला. माउंट आयसाहून टाउन्सव्हिल बंदर रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. शंभर डॉलरच्या दगडाला एवढं भाडं सोसत नाही. पुढे याच फॉस्फेट प्रकल्पाच्या शेअरव्यवहारावरून वाद झाला. सिंगापूरच्या लवादाने इफ्को आणि तिच्या सहयोगी कंपनीच्या बाजूने निकाल देत सुमारे 1 कोटी 23 लाख डॉलर परत करायला सांगितलं, 2015 मध्ये व्हिक्टोरियाच्या न्यायालयाने तो निकाल अंमलात आणायचा हुकूम दिला, आणि 2016 मध्ये लेजंड अवसायनात निघाली. त्या सगळ्या वर्षांत शेतकऱ्याची खताची गरज तीळभरही कमी झाली नव्हती.

अशा कंपन्यांच्या कागदांत साठ्याचे आकडे अवाढव्य असतात, आणि इथेच नवखा फसतो. ऑस्ट्रेलियात साठा जाहीर करायचे नियम आहेत. चार-दोन ठिकाणी भोकं पाडून अंदाजाने धरलेला साठा सर्वांत कच्चा. एकमेकांजवळ भोकं पाडून भरवशाने धरलेला त्यावरचा, आणि नीट मोजलेला त्याच्याही वरचा. पण हे तिन्ही जमिनीत काय आहे एवढंच सांगतात. ते काढून, धुऊन, बंदरात नेऊन विकल्यावर पैसे उरतील, असा अभ्यास झाल्यावरच त्याला खणण्याजोगा राखीव साठा म्हणतात. निरोपात येतो तो बहुधा पहिला आकडा. शिवाय दगडात स्फुरद किती, कॅडमियमसारखं नको ते किती, धुवायला पाणी आहे का, रेल्वे कुठवर येते, या प्रश्नांवर खाणीचं भवितव्य ठरतं.

आणि सर्वांत हळू होणारं नुकसान म्हणजे पातळ होणं. जिची खाण अजून सुरूच नाही, तिला पगार, भोकं, अभ्यास यांसाठी पैसा लागतो. विक्री नाही म्हणून ती दरवर्षी नवे शेअर काढते. ताक वाढवायला पाणी घालावं तसं. शेअरचा भाव स्थिर दिसला तरी खाणीतला तुमचा वाटा आक्रसत जातो.

काकांचा मूळ प्रश्न राहिला होता. मी त्यांना गॅलरीत नेलं. तिथून टाटा मिलची बाजू दिसते. "काका, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा लोकांनी कपडे घालायचं सोडलं होतं का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, ते स्वतः त्यातले. कापड तेव्हाही लागत होतं, भिवंडीत आणि सुरतेत विणलं जात होतं, आणि समोर हिंदमाताच्या बाजारात विकलंही जात होतं. बंद पडल्या त्या इथल्या गिरण्या. कापसाच्या गाठीपासून साडीपर्यंतच्या वाटेत पैसा दुसरीकडेच थांबायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी नातवाकडून त्या कंपनीचे चार वर्षांचे अहवाल काढून घेतले. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. दुकानातल्या जुन्या बिलबुकाच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलने दोन रकाने आखले. डावीकडे त्या त्या वर्षाअखेर एकूण शेअर किती, उजवीकडे विकलेला माल किती टन. डावा रकाना 11 कोटींपासून 34 कोटींपर्यंत चढत गेला होता. उजव्या रकान्यात चारही वर्षं शून्य. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शून्यांवर बोट ठेवून विचारलं, "आणि माल कधी निघणार, ते कुठल्या पानावर लिहिलंय?"

आम्ही शोधत बसलो. खाली पहिली सर आली होती, आणि दुकानातली पोरं राहिलेले गठ्ठे माळ्यावर चढवत होती.